फांदी पडली, असं लिहिलं होतं

पारोळा मागे पडलं होतं, एरंडोल अजून यायचं होतं, आणि माझ्या पुढे खडीने भरलेला डंपर चालला होता. वर ताडपत्री नव्हती. मागच्या फळक्याच्या फटीतून बारीक खडी रस्त्यावर सांडत होती. मी गाडी हळू केली, अंतर सोडलं. चाळिशीनंतर गाडी शिकलेली बाई मी. घाई करण्याची माझी छाती नाही. शनिवारची अर्ध्या दिवसाची शाळा आटोपून मी एकटीच धुळ्याहून भुसावळला निघाले होते. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, त्यांना बघायला.

एका खड्ड्यात डंपर उडाला आणि माझ्या डोळ्यांसमोर फट्कन आवाज झाला. आवाज कशाचा हे कळायच्या आधी पुढचा रस्ताच दिसेनासा झाला. काचेच्या मधोमध पांढरी चांदणी उमटली होती आणि त्यातून रेघा कडेपर्यंत सरसर धावत गेल्या. माझ्या मांडीवर काचेची पूड पडली. मी ओरडले की नाही, मला आठवत नाही. गाडी कडेला कशी घेतली तेही आठवत नाही. आठवतं ते एवढंच की गाडी थांबल्यावरही मी ब्रेकवरचा पाय काढत नव्हते.

थोड्या वेळाने नवऱ्याला फोन लावला. ते बियाण्यांच्या एका कंपनीत विक्रीचं काम करतात, महिन्यातले वीस दिवस फिरतीवर असतात. त्या दिवशी शिरपूरला होते.

"तुला लागलं नाही ना?" त्यांनी आधी हेच विचारलं.

"नाही. पण काच पूर्ण गेली. इन्शुरन्सवाल्यांना कळवते."

मग ते म्हणाले, "क्लेमच्या भानगडीत पडू नकोस. जळगावात सरळ काच टाकून घे. मी बघतो पैशांचं."

"अहो, पॉलिसी आहे ना आपली?"

"आहे. पण ऐक ना माझं. नको करूस."

मी शाळेत गणित शिकवते. पॉलिसी आहे तर वापरायची का नाही, हे माझ्या डोक्यात बसेना. त्यांना कागदपत्रांचा कंटाळा, म्हणून असं म्हणत असतील, असं मला वाटलं. काचेच्या उजव्या बाजूला हातभर जागा स्वच्छ राहिली होती. तिच्यातून बघत मी पंचवीस-तीसच्या वेगाने जळगाव गाठलं. हायवेला लागूनच एक काचवाल्यांचं दुकान होतं. दुकानदार वयस्कर होते. त्यांनी काच पाहिली, "काढायची नाही अजून, आधी सर्व्हेअर येऊ द्या," म्हणाले आणि मला पाणी दिलं. पॉलिसीच्या कागदावर दिलेल्या नंबरला मी फोन केला.

ही गाडी आमची दुसऱ्या हाताची. माझे वडील दीपनगरच्या वीज केंद्रात होते. त्यांच्याच पाळीत काम करणारे एक नाना. आमची क्वार्टर्स समोरासमोर होती. निवृत्तीनंतर दोघांनी भुसावळला एकाच गल्लीत घरं बांधली. नानांचे गुडघे गेले, गाडी चालवणं बंद झालं, तेव्हा त्यांनी ती मला द्यायचं ठरवलं. अशोक विजयादशमीला आम्ही गाडी धुळ्याला आणली. त्याच संध्याकाळी मी पुढच्या डॅशबोर्डवर पांढऱ्या बुद्धमूर्तीला चिकटपट्टी लावून बसवलं. मूर्ती जरा डावीकडे झुकली, पण पुन्हा काढली तर पट्टी जाईल म्हणून तशीच ठेवली. आरटीओ, नाव बदलणं, विमा, हे सगळं नवऱ्याने आपल्याकडे घेतलं होतं. कप्प्यातल्या पॉलिसीवर नानांचंच नाव होतं, पण बदललेला कागद घरी फाइलला असेल, असं मी धरून चालले होते.

शनिवार असूनही सर्व्हेअर दोन तासांत आले. पन्नाशीचे, गळ्यात दोरीला चष्मा. त्यांनी गाडीचा नंबर पाहिला, चासीचा नंबर पाहिला. मग वाकून पुढच्या काचेच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचली. चारही दारांच्या काचांवरची तशीच अक्षरं वाचली.

"मॅडम, ही पुढची काच गाडीबरोबरची नाही. एकदा बदललेली आहे. अलीकडेच."

"नानांनी बदलली असेल," मी म्हटलं. "मूळ मालक."

त्यांनी मोबाइलवर काहीतरी उघडलं आणि बराच वेळ बघत राहिले. "दोन गोष्टी आहेत. पहिली, पॉलिसी अजून जुन्या मालकांच्याच नावावर आहे. गाडी घेतल्यावर चौदा दिवसांच्या आत ती तुमच्या नावावर करून घ्यायची असते. दुसऱ्या कोणाला तुमच्या गाडीने लागलं, तर ते संरक्षण गाडीबरोबर येतं. पण गाडीचं स्वतःचं नुकसान, म्हणजे ही काच, ती नाही मिळणार. आणि दुसरी गोष्ट, या पॉलिसीवर काचेचा एक क्लेम आधीच झालेला आहे."

"कधी?"

"डिसेंबरात."

मी हसले. "मग काहीतरी घोटाळा आहे तुमच्याकडे. डिसेंबरात गाडी आमच्याकडे होती. काच वगैरे काही फुटली नव्हती."

त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. फोटोत आमची गाडी होती. नंबर आमचाच. काचेवर डाव्या बाजूला तडे होते, पण माझ्यासमोर आत्ता होते तसे नाही. काच आत दबली होती, एखादी परात ठेवता येईल अशी. आणि त्या तड्यांमागे डॅशबोर्डवर पांढरी मूर्ती दिसत होती. जरा डावीकडे झुकलेली.

मी बोटांनी फोटो मोठा केला. एप्रिल तोंडावर आला होता; फोटोखालची तारीख डिसेंबरातलीच होती.

"यात काय लिहिलंय?" मी विचारलं. "कशाने फुटली?"

"घरासमोर उभी असताना झाडाची फांदी पडली, असं लिहिलंय." त्यांनी चष्मा काढला. आवाज खाली आणला. "मॅडम, मी तेव्हा ही गाडी पाहिली नव्हती, दुसऱ्याने पाहिली. मला बोलायचा अधिकार नाही. पण वीस वर्षं मी हेच करतोय. फांदीने काच वरून फुटते, टपावर ओरखडे येतात. इथे बॉनेटला पोचा आहे बघा, बारीक. आणि काच अशी आत गेली आहे."

"मग?"

"अशी काच माणसाच्या डोक्याने जाते."

दुकानदार तिथेच उभे होते. त्यांनी मला खुर्ची दिली. मी बसले नाही. सर्व्हेअरांनी क्लेम होणार नाही असं लिहून माझी सही घेतली. सही करताना मला माझं आडनाव पटकन सुचलं नाही.

गाडी तिथेच सोडून मी एसटीने भुसावळला गेले. गल्लीत शिरल्यावर बाबांच्या दाराआधी नानांचं दार लागतं. नाना ओट्यावर गुडघ्यांना तेल चोळत बसले होते. मला बघून खूश झाले. "ये बेटा, ये. गाडी कुठाय?"

"नाना, डिसेंबरात काच कशी फुटली?"

त्यांचा हात गुडघ्यावरच थांबला. ज्या माणसाच्या खांद्यावर बसून मी लहानपणी चौदा एप्रिलची मिरवणूक पाहिली, तो माणूस माझ्या नजरेला नजर देईना.

"जावयांनी सांगितलं तुला?"

"कोणीच काही सांगितलं नाही. तुम्ही सांगा."

"माझ्यापुढे रडले गं ते," नाना म्हणाले. "या इथे, या ओट्यावर. म्हणाले, चोपड्याच्या पुढे एक बाई गाडीखाली... म्हणजे गाडीपुढे आली. वाचली, म्हणाले. मी दोनदा विचारलं, वाचली ना? हो म्हणाले. गाडी तोवर माझ्याच नावावर होती, विमाही माझा. मग मी लिहून दिलं की गाडी माझ्या दारात होती, फांदी पडली. तुला काही कळू नये, एवढंच ते म्हणत होते." मग जरा थांबून, "मी सत्तर वर्षांत कुठे खोटी सही केली नाही बेटा. तुझ्यासाठी केली."

"माझ्यासाठी?" मी म्हटलं. बाबांकडे गेले, त्यांच्या डोळ्यात थेंब घातले, भाकरी खाल्ली. हे सगळं मीच करत होते, पण कोणीतरी दुसरंच करतंय असं वाटत होतं. एकवीस वर्षांचा संसार. त्या डिसेंबरात ते घरी असले की आम्ही ताटासमोर ताट घेऊन जेवत होतो. मी काय काय बोलले असेन? शाळेतलं, शेजारणीचं, भाजीचं. आणि ते समोर बसून ऐकत होते.

नानांनी फोन केला असणार. रविवारी सकाळी मी जळगावला पोचले तेव्हा नवरा काचेच्या दुकानासमोर उभा होता. काच नुकतीच बसवली होती. डिंक वाळेपर्यंत चार तास गाडी हलवायची नाही, असं दुकानदारांनी सांगितलं. म्हणून आम्ही दोघं दुकानासमोरच्या निंबाखाली बाकावर बसून राहिलो. दोघांमध्ये तिसरा माणूस बसेल एवढी जागा.

"खरं आहे का?" मी विचारलं.

घरी आम्ही शाळेतलं मराठी बोलतो. ते मूळचे साक्रीकडचे, पण आईशी सोडून कोणाशी अहिराणी बोलत नाहीत. त्या दिवशी मान खाली घालून म्हणाले, "बठ्ठं खरं शे."

मग सांगत गेले. त्या फेरीला ते आमचीच गाडी घेऊन गेले होते, आणि नवी काच बसवूनच घरी परतले होते. चोपड्याहून सातपुड्याच्या पायथ्याला एका दुकानदाराकडे माल पोचवायचा होता. दिवस मावळत होता. कापूस वेचून बाया रस्त्याच्या कडेने परतत होत्या. एक रस्ता ओलांडताना मागे राहिलेल्या मुलीला हाक मारायला वळली आणि तिथेच थांबली. ब्रेक लागला, पण उशिरा. ती बॉनेटवर आली, काचेवर आपटली आणि खाली पडली. बाकीच्या बाया पुढे गेलेल्या. यांनी एकट्यानेच तिला उचलून गाडीत घातलं, मुलीला पुढे बसवलं, चोपड्याच्या दवाखान्यात नेलं.

"तिथे विचारलं, कसं झालं," ते म्हणाले. "माझ्या तोंडून निघून गेलं, रस्त्यावर पडलेली सापडली. कोणीतरी उडवून गेलं. एकदा बोललो आणि मग ते परत घेता येईना. पोलिसांनीही तेच लिहून घेतलं. अज्ञात वाहन. गाडी बाहेर अंधारात लावली होती, काच कोणी पाहिलीच नाही."

"आणि ती मुलगी?"

"लहान आहे. चार-पाच वर्षांची. तिने काही सांगितलंच नाही. तिला आपली भाषा येत नव्हती. आणि तिच्या आईला तेव्हाचं काही आठवत नाही."

मी उठून उभी राहिले. रस्त्यापलीकडे उसाच्या रसाचं गुऱ्हाळ चालू होतं, त्याचे घुंगरू वाजत होते. मला सर्व्हेअरचं वाक्य आठवलं आणि ते इतकं उशिरा का आठवलं, याचंच नवल वाटलं. दुसऱ्या कोणाला लागलं तर ते संरक्षण गाडीबरोबर येतं.

"तो विमा तिच्यासाठी होता," मी म्हटलं. "कळतंय का तुम्हाला? गाडी कोणाच्याही नावावर असू दे. तिला लागलं, तर तो तिच्यासाठी होता. तिला काही मिळालं नाही आणि आपण त्यातून काच घेतली."

ते रडायला लागले. मला दया आली नाही. येईल असं वाटलं होतं.

"तिचं घर माहीत आहे?"

"आहे. तीनदा जाऊन आलो."

डिंक वाळल्यावर गाडी मीच चालवली. नव्या काचेवर दुकानदारांनी चिकटपट्ट्या लावल्या होत्या, दोन दिवस काढू नका म्हणाले होते. चोपडा ओलांडल्यावर एका वळणाच्या अलीकडे ते म्हणाले, "इथे." तिथे काही नव्हतं. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या, एक दगडी मैलखांब. मी गाडी थांबवली नाही.

पाडा रस्त्यापासून आत होता. कुडाच्या भिंती, पुढे सारवलेलं अंगण. गाडी दिसताच एक म्हातारी आनंदाने पुढे आली. "भाऊ उनात! बसा, भाऊ, बसा." तिने खाट टाकली. तिचा मुलगा, म्हणजे त्या बाईचा नवरा, आतून आला. तिशीचा, हडकुळा. त्याने माझ्या नवऱ्याला वाकून हात जोडले आणि मला म्हणाला, "ताई, हे नसते तर ती रस्त्यावरच मेली असती. आमच्यासाठी देव आहेत हे."

मी खाटेच्या कडेला बसले होते. मला वाटलं, खाट हलतेय.

ती बाई बाहेर आली. माझ्यापेक्षा पुष्कळ लहान. कपाळावर केसांपर्यंत गेलेला व्रण. ती हसली. तिच्या नवऱ्याने तिच्या उजव्या बाजूला जाऊन काही सांगितलं. डाव्या कानाने तिला ऐकू येत नाही, असं मग मला म्हणाला. डोक्यावर भारा घेतला की चक्कर येते, म्हणून ती आता लाकडाला जात नाही, कामालाही नाही.

तेवढ्यात म्हातारी आतून एक पुरचुंडी घेऊन आली. जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेली चारोळी. जंगलातून वेचून, फोडून, निवडलेली. माझ्या हातात ठेवली. ते फडकं, ती गाठ मी ओळखली. जानेवारीत नवऱ्याने अशीच चारोळी घरी आणली होती. एका शेतकऱ्याने दिली, म्हणाले होते. मी खीर केली होती. शेजारी वाटी पाठवली होती.

मी माझ्या नवऱ्याकडे बघितलं. मी काहीही बोलले नाही, हे मला इथे नोंदवायचं आहे, कारण पुढे नातेवाइकांत असं पसरलं की मी त्यांना भाग पाडलं. ते आपणहून उठले. खाटेवरून नाही, जमिनीवर उकिडवे बसले, त्या माणसासमोर.

"भाऊ, गाडी माझीच होती," ते म्हणाले. "मीच उडवलं हिला. मी खोटं बोललो."

त्या माणसाला पहिल्यांदा कळलं नाही. त्याने हसून माझ्याकडे पाहिलं, मी काही समजावून सांगेन म्हणून. मी मान हलवली, खरं आहे म्हणून. तेव्हा त्याचं हसू गेलं. म्हातारीने "काय म्हणतो?" असं त्यांच्या भाषेत विचारलं असावं. त्याने एका वाक्यात सांगितलं. मग बायकोच्या उजव्या कानाशी जाऊन तिला सांगितलं.

कोणी ओरडलं नाही. मला वाटलं होतं ओरडतील, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं माझा नवरा नंतर म्हणाला. ती बाई काही वेळ त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग आत निघून गेली. तो माणूस एवढंच म्हणाला, "तीनदा आलात तुम्ही. तीनदा आमच्या घरी जेवलात."

पुरचुंडी माझ्या हातात होती. ती ठेवून द्यावी तर अपमान, न्यावी तर आणखी मोठा. मी ती खाटेवर ठेवली. कोणी उचलली नाही.

"आता काय?" त्याने विचारलं.

"आम्ही पोलिसांकडे जातोय," मी म्हटलं. "इथूनच. तुम्ही चलाल?"

तो आला. गाडीत बसला नाही, आपल्या मोटरसायकलने मागे आला. चोपड्याच्या ठाण्यात नवऱ्याने जबाब दिला तेव्हा हवालदारांनी दोनदा पेन खाली ठेवून विचारलं, "साहेब, फाइल बंद झालेली आहे. नक्की लिहू?" ते म्हणाले, लिहा.

त्यानंतरचं सगळं सरळ झालेलं नाही. नवऱ्यावर गुन्हा दाखल झाला, जामीन झाला, कंपनीने फिरतीचं काम काढून घेतलं. नाना स्वतः रिक्षाने विमा कंपनीच्या कार्यालयात गेले आणि फांदी पडली नव्हती, असं लिहून दिलं; काचेची रक्कम परत भरली. त्यांच्यावर काय होईल, हे अजून ठरलेलं नाही. त्या दिवसापासून ते बाबांकडे चहाला येत नाहीत, मी गेले की आत निघून जातात. बाबांना मी अजून पूर्ण सांगितलेलं नाही. नवरा आणि मी एकाच घरात राहतो. बोलतो. पण ते काही सांगायला लागले की आधी माझ्या मनात येतं, हे खरं असेल का? किती दिवस येत राहील, माहीत नाही.

त्या बाईचा नुकसानभरपाईचा दावा जळगावच्या न्यायाधिकरणात उभा राहिला आहे. विमा कंपनीचे वकील म्हणतात, गाडी विकलेली, पहिला जबाब खोटा, आम्ही का द्यावं? आमचे वकील म्हणतात, मिळेल, वेळ लागेल. मी प्रत्येक तारखेला शाळेत रजा टाकून जाते. पहिल्या दोन तारखांना ती माझ्याशी बोलली नाही. तिच्या जागी मीही बोलले नसते.

गेल्या महिन्यात कान किती गेला, ते तपासून कागद आणायला कोर्टाने सांगितलं. जळगावच्या कानाच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. मी त्यांच्या पाड्यावर गेले आणि तिच्या नवऱ्याला म्हटलं, गाडी आणते, दारातून दारात नेते. त्याने तिला विचारलं. तिने गाडीकडे पाहिलं, मग मान हलवली. नाही.

मी गाडी चोपड्याला लावली आणि ती, तिचा नवरा आणि मी एसटीने गेलो. लहान मुलगी बरोबर होती, आईच्या मांडीवर. मी चुकून तिच्या डाव्या बाजूला बसले होते आणि तिकीट काढलं का, असं दोनदा विचारलं. तिने ऐकलं नाही. मग तिच्या लक्षात आलं की मी काहीतरी बोलतेय. तिने मुलीला उचलून घेतलं, खिडकीकडे सरकायची खूण मला केली आणि स्वतः माझ्या जागेवर येऊन बसली.

"आता बोल," ती म्हणाली. मराठीत.